चिमट्यातले भिंग

महाविद्यालयात मी मुलांना ‘भ्रमणध्वनी’ म्हणायला शिकवतो आणि घरी आल्याबरोबर ‘माझा मोबाइल कुठं ठेवलात?’ म्हणून ओरडतो. तेव्हा या लेखातही मी मोबाइलच म्हणणार आहे. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी एवढ्यापुरती क्षमा करावी.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या चिरंजीवांनी एक हट्ट धरला. चिरंजीव आठवीत आहेत. या वयातला हट्ट सहसा हजारांच्या पुढे जातो, म्हणून मी आधी कानांवर हात ठेवले. पण मागणी अवघी चारशे रुपयांची निघाली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने अडकवायचे भिंग! वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तसा, पण जरा सुबक, आतून रबर लावलेला चिमटा आणि त्याच्या एका पाकळीला बसवलेली काचेची डबी. खोक्यावर तीन गोष्टींचे आश्वासन होते. एका भिंगाने दृश्य रुंद दिसेल, दुसऱ्याने माशाच्या डोळ्यातून पाहिल्यासारखे गोल गरगरीत दिसेल आणि तिसऱ्याने मुंगी हत्तीएवढी होईल. मी ‘अभ्यासाला उपयोग होईल का?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न विचारला, चिरंजीवांनी ‘हो’ हे ठरलेले उत्तर दिले आणि व्यवहार पुरा झाला.

माशाच्या डोळ्याने आम्ही एकाच दिवसात सर्वांचे फोटो काढले. सौभाग्यवतींचे नाक त्यात नको तितके पुढे आले आणि ते भिंग त्याच दिवशी खणात गेले. रुंद भिंगाने दिवाणखाना मोठा दिसू लागला. पण कडेची माणसे तिरकी झाली. ज्या मोबाइलला आता कंपनीच रुंद कॅमेरा देते त्याला हे वरून लावण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत झाले. राहिले तिसरे भिंग, आणि ते खोक्यात सापडेना. दोन दिवस आम्ही दुकानदाराला मनातल्या मनात नावे ठेवली. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी रुंद भिंगाची पुढची काच सहज फिरवली, तर ती आटे सुटून हातात आली आणि चिमट्यात उरली एक लहानशी फुगीर काच. तेच तिसरे भिंग! रुंद भिंगाच्या पोटात ते दडून बसले होते. या जातीच्या स्वस्त जोड्यांची रचना पुष्कळदा अशीच असते, हे मला पुढे कळले. वाचकांपैकी कोणाच्या खणात असा चिमटा पडून असेल, तर त्यांनी पुढची काच फिरवून पाहावी.

मग मात्र घरात उत्सव सुरू झाला. मिठाचा कण पाहिला, तर तो चक्क चौकोनी ठोकळा! तुळशीच्या मंजिरीवर एवढी लव असते, हे रोज पाणी घालणाऱ्या सौभाग्यवतींनाही ठाऊक नव्हते. पाचशेच्या नोटेवर ‘भारत’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरांत छापलेला आहे की, नुसत्या डोळ्यांना ती एक रेघ वाटते. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची खूण सक्तीची झाली. सौभाग्यवतींनी धनत्रयोदशीला घेतलेल्या वेढण्यावरची ती खूण सराफाचे भिंग न मागता घरबसल्या वाचली आणि ‘चारशे रुपये वसूल झाले’ असा निकाल दिला. चिरंजीवांनी दूरदर्शनच्या पडद्यालाच भिंग भिडवले. पांढरा दिसणारा पडदा तिथे मुळीच पांढरा नव्हता. तांबड्या, हिरव्या, निळ्या पट्ट्यांच्या रांगा होत्या नुसत्या.

हे घडते कसे, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला पडू नये असे थोडेच आहे? आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी तो चहाच्या एका कपात सोडवला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला फार जवळचे दिसत नाही. वस्तू आठदहा सेंटिमीटरच्या आत आली की तो गोंधळतो, चाळिशीनंतर आपण पुस्तक लांब धरू लागतो तसे. चिमट्यातले भिंग म्हणजे त्याचा चष्मा. वस्तू भिंगापासून अडीच-तीन सेंटिमीटरवर, म्हणजे त्याच्या केंद्रांतरावर आली की, तिच्यापासून पसरणारे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात. कॅमेऱ्याला वाटते, वस्तू फार दूर आहे. आणि दूरचे तर त्याला उत्तम दिसतेच. भिंग मोठे करते ते एवढ्याच अर्थाने, की ते आपल्याला जवळ जाऊ देते.

पण जवळ गेल्याची किंमत असते. एवढ्या जवळून जेमतेम एखाददुसऱ्या मिलिमीटरची खोली स्पष्ट दिसते. मुंगीचे डोके नीट आले की पाय धुक्यात जातात. हात किंचित हलला की सारेच गेले. म्हणून दोन युक्त्या मी इथे देऊन ठेवतो, त्या मला तीनचारशे फोटो वाया घालवून मिळाल्या आहेत. एक, कॅमेऱ्याला स्पष्टता शोधायला लावू नये. मोबाइलच केसभर मागेपुढे करावा आणि कोपर टेबलावर टेकलेले असावे. दुसरी, उजेड बाजूने द्यावा, कारण समोरून मोबाइलची स्वतःचीच सावली पडते. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. हल्लीच्या मोबाइलला पाठीवर तीनतीन डोळे असतात. चिमटा एकावर लावावा, तर तो बेटा आपल्याला न विचारता दुसऱ्या डोळ्याने पाहू लागतो आणि आपण अर्धा तास भिंगाला दोष देतो. वरचे आवरण काढून, मुख्य कॅमेरा नेमका कोणता ते बोटाने झाकून पाहावे आणि मगच चिमटा लावावा.

आता काही महागड्या मोबाइलना हा चष्मा लागत नाही. २०२१ साली आलेला आयफोन १३ प्रो दोन सेंटिमीटरवरचे स्वतःच पाहू शकत होता. पण तेवढ्या पैशात माझ्यासारख्याचे वर्षाचे किराणा सामान येते, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही. शिवाय एका छोट्या काचेत पुष्कळ पाहता येते याला इतिहासाची साक्ष आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. कापडाचे धागे मोजण्यासाठी त्या काळी व्यापारी भिंग वापरत. याने स्वतःच्या हाताने मोहरीएवढी भिंगे घडवली आणि १६७० नंतरच्या काही वर्षांत पाण्याच्या थेंबातले जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली, तीही आपल्या डच भाषेत. एकच भिंग, दोन पत्र्यांमध्ये बसवलेले! आपल्या मीरतेत जन्मलेले मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात सहकाऱ्यासह २०१४ साली कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक पुढे आणला, त्याचीही जात हीच. तोही मोबाइलला चिकटवता येतो.

एवढे सारे ज्ञान मिळाल्यावर माझ्या मनात एक विचार आला. खरे म्हणजे तो चिमटा घरात आला त्या दिवसापासूनच तो तिथे होता.

आमचे अण्णा आता ऐंशीचे आहेत. त्यांना एक थोरले भाऊ होते. अण्णा त्यांना दादा म्हणतात. मी त्यांना काय म्हणायचे हे ठरण्याचा प्रसंगच आला नाही, कारण ते १९५७ साली विषमज्वराने गेले. अकरावीचा निकाल लागून तेव्हा वर्षही झाले नव्हते. अण्णा त्या वेळी बारा वर्षांचे. पुढे चार वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते. माणसे उंचावर पळाली म्हणून वाचली. पण ज्या ट्रंकेत घरातले फोटो होते ती ट्रंक मुठेने नेली. दादांचा एकही फोटो घरात उरला नाही.

उरली होती ती एक स्मरणिका. शाळेच्या कुठल्याशा महोत्सवात ती छापली होती आणि तिची एक प्रत नाशिकला आत्याकडे होती, म्हणून पुरातून वाचली. तिच्यात १९५६ सालच्या अकरावीच्या वर्गाचा, निरोपाच्या दिवशीचा फोटो आहे. पोस्टकार्डाहून थोडी मोठी जागा आणि तिच्यात बेचाळीस मुले. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवे दादा. चेहरा म्हणाल तर करंगळीच्या नखापेक्षा लहान. ही स्मरणिका अण्णांच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या रुमालात असते. श्राद्धाच्या दिवशी ती बाहेर येते. मी लहानपणी विचारत असे, ‘दादाकाका दिसायला कसे होते?’ अण्णा म्हणत, ‘माझ्यापेक्षा बरा होता.’

भाऊबीजेच्या दुपारी मी स्मरणिका मागून घेतली. अण्णांना काही सांगितले नाही. एकदम चेहराच मोठा करून दाखवायचा आणि त्यांना चकित करायचे, असा माझा बेत होता. खिडकीशी टेबल ओढले, पान सपाट धरले, चिमटा लावला. मोबाइल खाली आणला, केसभर वर घेतला, आणि पडद्यावर ठिपके दिसले. काळे ठिपके. काही जाड, काही बारीक, तिरप्या रांगांत ओळीने मांडलेले, रांगोळी काढण्यापूर्वी मांडतात तसे. नाक नव्हते, डोळे नव्हते. डोळ्याच्या जागी चार जाड ठिपके आणि गालाच्या जागी सहासात बारीक. मी उजेड बदलला, भिंग पुसले, दुसऱ्या कोनातून पाहिले. ठिपकेच अधिक स्वच्छ दिसू लागले.

‘पासष्टची जाळी आहे ती,’ मागून आवाज आला. अण्णा केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलेच नव्हते.

अण्णांची सारी नोकरी छापखान्यात झाली. आधी कॉपीहोल्डर, मग मुद्रितशोधक. त्यांनी शांतपणे मला समजावून सांगितले. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे जाळीतून त्याचा फोटो घेऊन जस्ताचा ठसा करीत. त्याला ब्लॉक म्हणत. शाईला फिकी किंवा गडद छपाई येत नाही, एक तर काळे नाहीतर कोरे. म्हणून मधल्या छटा ठिपक्यांच्या लहानमोठ्या आकारांतून भासवायच्या. चांगल्या गुळगुळीत कागदाला बारीक जाळी, साध्या खरबरीत कागदाला एका इंचात पासष्ट रेघांची. मी मनात हिशेब केला. दादांचा चेहरा पाव इंचाचा. म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत सोळा ठिपके. त्या सोळा ठिपक्यांत जे मावले नाही, ते कोणत्याच भिंगाने दिसणार नव्हते. बोटांनी चित्र ताणून मोठे करतो तेव्हा मोबाइलही वेगळे काय करतो?

‘तुम्हाला ठाऊक होतं?’ मी विचारले.

‘चौसष्ट सालीच बघितलंय मी. छापखान्यात ब्लॉकवाल्याकडं चांगलं भिंग होतं. नोकरीला लागलो त्याच आठवड्यात घेऊन गेलो होतो हे पुस्तक.’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘लांब धर. लांबून दिसतो तो थोडा.’

मी पान हातभर लांब धरले. ठिपके मिसळले, आणि एक मुलगा, भांग पाडलेला, इतर एकेचाळिसांसारखाच, आमच्याकडे पाहू लागला. अण्णांनी स्मरणिका रुमालात गुंडाळून परत कपाटात ठेवली. त्या दिवशी चिमट्याला मीही हात लावला नाही.

तरी अण्णांचे एक वाक्य डोक्यातून जाईना. जाळीतून ‘फोटोचा फोटो’ घेत, असे ते म्हणाले होते. म्हणजे छापलेल्या फोटोमागे एक खरा फोटो होता. त्याला जाळी नव्हती. तो कुठे असेल? दिवाळीची सुटी संपताच मी शाळेत गेलो. शाळा पुण्यातच आहे. इमारत उंचावर असल्यामुळे पुराचे पाणी तिला लागले नव्हते. कार्यालयातील गृहस्थांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि शिपायाला सांगितले, ‘यांना मागचा जिना दाखवा.’

त्या जिन्याच्या भिंतीवर निरोपाच्या वर्गांचे फोटो ओळीने टांगलेले होते. १९५६ चा सर्वांत वर, धुळीने माखलेला. शिपाईबुवांनी स्टूल आणले, फडके आणले. दहा बाय बारा इंचांचा मूळ फोटो, काळ्या चौकटीत, खाली मराठीत नावे. कडेने त्यावर आरशासारखी चकाकी आली होती. जुन्या फोटोंतली चांदी अशी वर येते. पण मध्यभाग शाबूत होता. त्या काळचे फोटोग्राफर तिवईवर मोठा पेटीकॅमेरा ठेवून, डोक्यावर काळे कापड घेऊन मोठ्या काचेवर किंवा फिल्मवर फोटो घेत आणि पुष्कळदा तिच्याच आकाराचा कागद तिला भिडवून छापत. मोठा करताना जे हरवते ते त्यात हरवत नसे.

चौकट खाली काढायला परवानगी नव्हती, आणि मागचा पुठ्ठा इतका जीर्ण होता की ते योग्यच होते. मी स्टुलावर चढलो. काचेत समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडत होते. शिपाईबुवांनी आपली काळी छत्री उघडून माझ्या मागे धरली आणि प्रतिबिंब नाहीसे झाले. चिरंजीवांनी बाजूने विजेरी धरली. जिन्यावरून येणारीजाणारी मुले थांबून हा तमाशा पाहू लागली. भिंग काचेजवळ नेले, श्वास रोखला. या वेळी ठिपके नव्हते. एका वेळी तीन मुले दिसत. त्यांतला मधला स्वच्छ आणि कडेचे दोघे पुसट. मी तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकापासून एकेक मुलगा सरकत गेलो आणि चुकू नये म्हणून रांगेतल्या सगळ्यांचेच फोटो घेतले. हात कापत होता, म्हणून पाचव्याचे अकरा घेतले.

संध्याकाळी ते फोटो दूरदर्शनच्या पडद्यावर लावले. अण्णा आपल्या खुर्चीत बसले होते. पाचवा फोटो आला. चेहरा खऱ्या चेहऱ्याएवढा झाला होता. थोडा पिठूळ, पण चेहरा. डाव्या भुवईत खंड होता. ओठ मिटलेले, हसू दाबून धरल्यासारखे. माझ्या चिरंजीवांचे कान जसे जरा पुढे आलेले आहेत, तसेच कान. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही बोलले नाही.

अण्णा उठले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, मग स्वतःच मागे सरले. चेहऱ्याकडे त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले असेल. पण बोट ठेवले ते सदऱ्यावर. ‘ते बघ,’ ते म्हणाले. सदऱ्याला वरून तीन गुंड्या पांढऱ्या होत्या आणि चौथी काळी. मूळ फोटोत ती पाऊण मिलिमीटरचीसुद्धा नसेल.

‘ती पांढरी गुंडी मी काढली होती. भिंगरी करायला. दोरा घालून फिरवायची असते ना, ती. मोठी होती, छान फिरायची. फोटोच्या दिवशी सकाळी आईच्या लक्षात आलं. घरात दुसरी पांढरी नव्हती, तिनं घाईनं कोटाची काळी लावली. दादाला माहीत होतं कुणी काढली ते. तो आईला म्हणाला, पडली कुठंतरी.’

एवढे बोलून ते खुर्चीत येऊन बसले. एकोणसत्तर वर्षे हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. आईलाही नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. चिरंजीवांनी विचारले, ‘मग ती भिंगरी कुठंय?’ ‘गेली पुरात,’ अण्णा म्हणाले.

मी पडदा बंद करायला उठलो, तर त्यांनी हाताने थांबवले.

‘राहू दे. त्याच्या शेजारचा दाखव. तो उंच, नीट दिसत नाहीये तो. दादाची सायकल नेली होती त्यानं परीक्षेला म्हणून. आणून दिलीच नाही.’